जांभळा शाम्पू म्हणजे केसांची नीळ

प्रश्न असा आला आहे: आईचं वय ६४. दोन वर्षांपूर्वी तिने डाय लावणं सोडलं, केस छान पांढरेशुभ्र आले, नातेवाइकांनी कौतुकही केलं. पण गेल्या सहा-आठ महिन्यांत भांगाच्या दोन्ही बाजूंचे आणि कपाळावरचे केस पिवळट दिसायला लागलेत. विचारणाऱ्या मुलीने स्वतः तीन महिन्यांपूर्वी राखाडी झाकेचे, म्हणजे आम्ही ज्यांना ॲश म्हणतो तसे हायलाइट्स करून घेतले होते, त्यांचा आता तांब्याचा तांब्या झालाय. जांभळ्या शाम्पूची एक बाटली आणली तर दोघींचं भागेल का, आणि तो वापरत राहिलं तर केस पिवळे पडायचे थांबतील का?

मी पुण्यात २२ वर्षं लोकांचे केस रंगवते आहे. सरळ सांगायचं तर, थांबणार नाहीत. आईंचा पिवळेपणा बराचसा झाकला जाईल. तुमचा जवळजवळ झाकला जाणार नाही, तुम्हाला दुसऱ्या रंगाची बाटली लागेल. झाकणं आणि थांबवणं यांत गल्लत झाली की लोक महागाच्या तीन-तीन बाटल्या संपवतात आणि मग माझ्या खुर्चीत येऊन बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरी आजोबांचं धोतर धुतलं की शेवटच्या पाण्यात नीळ पडायची. रॉबिनची भुकटी फडक्यात बांधून आजी ती पुरचुंडी बादलीत हलवायची. पुढे उजाला आला आणि चार थेंबांत काम व्हायला लागलं. त्या उजालाचा रंग आठवून बघा, निळा कमी आणि जांभळाच जास्त. धोतराचा मळ साबणाने आधीच गेलेला असायचा. नीळ काही काढत नव्हती, जुन्या सुताच्या पिवळट झाकेवर उलटा रंग चढवत होती. जास्त पडली की धोतर आकाशी व्हायचं आणि आजोबा दिवसभर घुश्शात.

जांभळा शाम्पू हाच प्रकार. रंगचक्रात पिवळ्याच्या समोर जांभळा बसतो, नारिंगीच्या समोर निळा, लालच्या समोर हिरवा. शाळेत चित्रकलेच्या तासाला पिवळ्यात चुकून जांभळा मिसळला की मळकट करडा रंग व्हायचा. तोच करडा आपल्याला केसांवर हवा असतो, फक्त इतका फिका की डोळ्याला तो पांढरा वाटावा. म्हणजे या शाम्पूने केस उजळत नाहीत, खरं तर किंचित गडद होतात. पिवळा प्रकाश जास्त परत यायचा तो आता कमी येतो, एवढंच. म्हणूनच हा शाम्पू फार वापरला की केस निस्तेज दिसतात, आणि 'चकाकी गेली' अशी तक्रार येते. ती शाम्पूच्या कामाचीच दुसरी बाजू.

ही उपमा मी एकदा एका काकूंना दिली, तर त्यांनी घरी जाऊन खरोखरची नीळ मगभर पाण्यात घालून डोक्यावर ओतली. टाळूवर निळे डाग पडले आणि ते जायला आठवडा लागला. तेव्हापासून मी लगेच जोडून सांगते: कपड्यांची नीळ कपड्यांना.

आता बाटलीत असतं काय. शाम्पू नेहमीचाच, त्यात जांभळा किंवा निळा-जांभळा रंग मिसळलेला. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ॲसिड व्हायोलेट ४३ किंवा सीआय ६०७३० असं दिसलं तर तो हाच रंग. तो केसाच्या वरवर बसतो आणि एक-दोन धुण्यांत निघून जातो. काही बाटल्यांत 'बेसिक' या नावाच्या कुळातले रंग असतात, उदाहरणार्थ बेसिक व्हायोलेट किंवा बेसिक ब्लू. त्यांची पकड जास्त. खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो आणि या रंगांवर धन भार, त्यामुळे जिथे केस जास्त भाजलेला, जास्त ब्लीच झालेला, तिथे हे रंग चिकटून बसतात. शेंडे जांभळे आणि मुळं पिवळीच, असं चित्र दिसतं ते त्यामुळे. दोन्हींपैकी कुठलाही रंग केसात शिरून तिथे कायमचा राहत नाही. दर आठवड्याला चढवायचा, दर आठवड्याला थोडा उतरणार. पिवळेपणा ज्या कारणाने येतोय ते कारण मात्र रोज आपलं काम करत असतं.

म्हणून आईंच्या बाबतीत आधी कारण शोधा. त्याला पैसे लागत नाहीत. सकाळी गॅलरीत, थेट उन्हात नाही पण उजेडात, त्यांना बसवा. भांगाजवळची एक बट आणि मानेवरची, अगदी आतल्या थरातली एक बट, दोन्ही एका पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी धरा. कागद हवाच. नुसत्या डोळ्याला पांढरा केस कधी पिवळा वाटतो, कधी वाटत नाही; कागदाशेजारी तो खोटं बोलू शकत नाही.

मानेवरची बट पांढरी आणि भांगाजवळची पिवळी निघाली, तर ऊन, इस्त्री म्हणजे स्ट्रेटनर, किंवा धूर. दोन्ही बटा सारख्याच पिवळ्या निघाल्या तर पाणी किंवा तेल. आणि नुसते शेंडे पिवळट-तांबूस असतील तर तो बहुतेक जुना डाय. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटरहून थोडा जास्त वाढतो. दोन वर्षांत २५ ते ३० सेंटीमीटर. आईंचे केस कमरेपर्यंत असतील, तर खालचा अर्धा भाग अजून डायच्या जमान्यातलाच आहे. त्यावर कितीही जांभळं ओता, कात्री हाच उपाय.

तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून मला उन्हाचा संशय जास्त येतो. पांढऱ्या केसाचं उन्हाशी वाकडं आहे. काळ्या केसात मेलॅनिन असतं, ते उन्हाचा मार बराचसा स्वतःवर घेतं. पांढऱ्या केसात ते नाही, त्यामुळे अतिनील किरण सरळ केसाच्या प्रथिनावर, केराटिनवर, येतात. त्यातला ट्रिप्टोफॅन नावाचा घटक तुटतो आणि तुटून जे तयार होतं ते पिवळं असतं. जुन्या वर्तमानपत्राला जशी उन्हात झाक येते तशी, फक्त रसायन वेगळं. ही पिवळी झाक केसाच्या आत असते. ती धुऊन जात नाही, घासून जात नाही, कुठल्या डिटॉक्सने जात नाही. ती झाकायची, किंवा वाढून खाली आली की कापायची. अंगणात वाळवणं घालणाऱ्या, रोज सकाळी टेकडीवर जाणाऱ्या, गच्चीत बागकाम करणाऱ्या बायकांच्या भांगाच्या दोन्ही कडा आधी पिवळ्या होतात, कारण ऊन सगळ्यात आधी तिथे पडतं.

इस्त्रीचंही तसंच. स्ट्रेटनरचा आकडा २३० पर्यंत जातो आणि पार्लरमधल्या मुली घाईत तो तिथेच ठेवतात. काळ्या केसावर भाजल्याची खूण दिसत नाही. पांढऱ्या केसावर पांढऱ्या शर्टावर इस्त्री राहिल्यासारखी पिवळी पट्टी उमटते. आई लग्नकार्याला केस सरळ करून घेत असतील तर तापमान १५०-१६० च्या पुढे नेऊ देऊ नका, आणि बट पूर्ण कोरडी असल्याशिवाय इस्त्री फिरवू देऊ नका.

धुराबद्दल फार लिहीत नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्या आजोबांच्या पांढऱ्या मिशा वरच्या ओठाजवळ तपकिरी-पिवळ्या झालेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

पाण्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण पुण्यात राहून पाण्याचा विषय टाळणं अशक्य. महापालिकेचं खडकवासल्याकडचं पाणी मऊ. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत बोअर आणि टँकर, ते पाणी जड. एकाच बाईचे केस जुन्या घरी मऊ आणि नव्या फ्लॅटमध्ये सहा महिन्यांत काथ्यासारखे झालेले मी कितीतरी वेळा पाहिले आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या निकषात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा, असं आहे. सोसायटीकडे पाण्याचा अहवाल असतो, मागून बघा. अहवाल नसेल तर गीझरच्या नळाच्या तोंडाशी आणि प्लास्टिकच्या मगाच्या कडेला बघा. पांढरी खरखरीत पुटं म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम. त्याने केस राठ आणि मळकट होतो, पण ते स्वतः केस पिवळा करत नाही. प्लास्टिकचा तो मगच तांबूस झाला असेल तर पाण्यात लोह आहे, आणि पांढऱ्या केसाला पिवळट-गंजट छटा देणारं ते हेच. कोकणात जांभ्या दगडाच्या भागातल्या काही विहिरींच्या पाण्याने पांढरे पंचे तांबूस होतात. केस काही वेगळ्या मातीचे नसतात. हिरवट झाक आली असेल तर तांबं, बहुतेक पोहण्याच्या तलावातलं किंवा जुन्या नळातलं. हिरव्यावर जांभळा शाम्पू लावू नका, काही चांगलं होत नाही.

पाण्यातून बसलेला हा थर मात्र धुऊन निघतो. त्यासाठी मिळतो तो कीलेटिंग शाम्पू. साध्या क्लॅरिफाइंग शाम्पूपेक्षा तो वेगळा. क्लॅरिफाइंगने तेल, जेल, सिलिकॉन निघतं. कीलेटिंगमध्ये ईडीटीएसारखं काहीतरी असतं, ते धातूचे कण पकडून पाण्याबरोबर बाहेर नेतं. लेबलवर डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए वरच्या नावांत असेल तर चांगलं. अगदी शेवटी असेल तर ते शाम्पू टिकण्यासाठी घातलेलं चिमूटभर. ओल्या केसांना लावून पाच मिनिटं ठेवायचा, भरपूर पाण्याने धुवायचा, शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे. महिन्यातून एकदा पुरे. माझ्याकडे पिवळ्या केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या पांढऱ्या डोक्यांपैकी बऱ्याच जणींचं काम इथेच होतं. जांभळी बाटली उघडायची वेळच येत नाही. शॉवरला लावायचे जे छोटे फिल्टर मिळतात, ते क्लोरीन कमी करतात. कठीणपणा काढत नाहीत. त्याला मिठाने चालणारं सॉफ्टनर यंत्र लागतं. ते एका केसासाठी घ्यावं असं मी म्हणणार नाही.

तेल. हा विषय काढला की आया नाराज होतात. साधं खोबरेल रंगाने जवळजवळ स्वच्छ, त्याने काही बिघडत नाही, उलट धुण्याआधी लावलं तर केसातलं प्रथिन कमी झिजतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली हे मोजून छापलं होतं. आता खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच खोबरेलचं कौतुक केलं, हे मला कळतं. पण त्यांनी सूर्यफुलाचं आणि खनिज तेलही शेजारी ठेवून तपासलं होतं, आणि माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. गडबड होते ती माका, ब्राह्मी, जास्वंद घालून कढवलेल्या हिरव्या-तपकिरी तेलांनी, आणि मोहरीच्या तेलाने. काळ्या केसात तो रंग दिसत नाही. पांढऱ्या केसावर रोजचा एक थर, त्यावर धूळ, की झाली पिवळी झाक. आवळा-शिकेकाईचा काढा लोखंडी कढईत भिजवून लावत असाल तर मग प्रश्नच नको. ती केस काळपट करायचीच जुनी युक्ती आहे, आणि पांढऱ्यावर ती मळकट तपकिरी होते.

एक विनोदी कारणही सांगून ठेवते. आषाढात-श्रावणात आणि चैत्राच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत कपाळाच्या वरच्या ओळीतले चार केस पिवळेजर्द घेऊन काही आजी येतात. ती हळद. हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडतो. घाबरायचं नाही, शाम्पूही आणायचा नाही.

मेंदी लावली असेल तर मात्र वेगळी गोष्ट. मेंदीचा रंग केराटिनला घट्ट धरतो आणि पांढऱ्यावर तो नारिंगी दिसतो. तो जांभळ्याला दाद देत नाही.

एवढं सगळं बघूनही झाक उरली, आणि उन्हाने आली असेल तर उरणारच, तर आता जांभळी बाटली. बाजारात श्वार्झकोफचा गुडबाय यलो, मॅट्रिक्सचा सो सिल्व्हर, लॉरिआलचा सिल्व्हर असे सलोनमधले ओळखीचे आहेत. इटलीचा फॅनोला नो यलो फार जोरकस, पहिल्यांदाच घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. नाव कुठलंही घ्या, पण घरी आणल्यावर एक थेंब ओल्या टिशूवर टाका, दोन मिनिटांनी नळाखाली धरा. टिशूवर गडद जांभळी छटा राहिली तर रंग खरा. नुसता लव्हेंडर वास आणि फिकट गुलाबी फेस असेल तर तो जांभळ्या रंगाचा साधा शाम्पू आहे, जांभळा करणारा नव्हे.

कसा वापरायचा हे सांगताना माझी एक चूक आधी सांगते. तेव्हा मी शिकाऊ होते. एका आजींची मुलगी त्यांना नातवाच्या मुंजीच्या आदल्या दिवशी घेऊन आली. केस कापसासारखे, बारीक, आणि समोर पिवळे. मी जांभळा शाम्पू कोरड्या केसांवरच चोपडला, कारण कोणीतरी सांगितलं होतं की कोरड्यावर जास्त चढतो. चढतो, खरंच चढतो. वर फोन आला आणि पंधरा मिनिटं झाली. बेसिनमध्ये पाणी सोडलं तर आजींच्या डोक्यावर जांभळं मोहोळ. त्या शांतपणे आरशात बघत म्हणाल्या, "अगं, शालूशी जुळतंय की." शालू खरोखर जांभळा होता. मी मात्र रडकुंडीला आले होते. मग क्लॅरिफाइंग शाम्पूने तीनदा धुतलं, मध्ये कंडिशनर, पुन्हा एकदा धुतलं. तेव्हा कुठे फिकट राखाडीवर आलं. मुंजीतल्या फोटोत केस सुंदर दिसतात, पण ते माझं कर्तृत्व नव्हे.

तर क्रम असा ठेवा. आदल्या रात्री तेल नको; तेलकट केसावर रंग चट्ट्यापट्ट्यांनी बसतो. आधी साध्या शाम्पूने एकदा धुवा. पंच्याने पाणी निथळून घ्या, ठिबकणारं पाणी राहू देऊ नका. हातात मोजे घाला, नाहीतर नखांच्या कडा दोन दिवस जांभळ्या राहतील. शाम्पू तळव्यावर घेऊन दोन्ही तळवे चोळा आणि जिथे सगळ्यात जास्त पिवळं आहे तिथून सुरुवात करा, म्हणजे भांगाच्या कडा आणि कपाळ. मानेकडे सगळ्यात शेवटी, नुसता फेस पोचला तरी चालेल. पहिल्या वेळी एक मिनिट. घड्याळ लावून एक मिनिट, अंदाजाने नाही. धुवा, कंडिशनर लावा, वाळवा आणि मग उजेडात बघा. ओल्या केसावर रंग कळत नाही. पिवळं उरलं असेल तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं. तीन मिनिटांच्या पुढे आईंच्या वयाच्या बारीक केसावर मी कधी जात नाही. एकदा मनासारखा रंग आला की आठवड्याने किंवा दहा दिवसांनी एकदा, बाकीच्या वेळी साधा शाम्पू. रोज वापरला तर केस कोरडे होतात आणि महिन्याभरात ती निस्तेज करडी छटा येते, मी वर म्हटलं ती.

ॲलर्जीचं भय असेल, विशेषतः डायने पूर्वी खाज-पुरळ झाली असेल, तर कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा. या शाम्पूंत सहसा डायमधलं पीपीडी, म्हणजे ॲलर्जी करणारं ते रसायन, नसतं, पण ज्या त्वचेने एकदा कुरकुर केली तिला विचारूनच पुढे जावं.

आता तुमच्या हायलाइट्सकडे येते. इथे जांभळा का चालणार नाही, ते बघा. आम्ही केसाच्या गडदपणाला १ ते १० आकडे देतो. १ म्हणजे काळाकुट्ट, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे केस जन्मतः १ ते ३ मध्ये असतात. ब्लीच लावलं की रंग एकदम पांढरा होत नाही. तो पायऱ्या उतरतो. आधी तांबडा, मग तांबूस-नारिंगी, साधारण ७ ला नारिंगी, ८ ला पिवळट-नारिंगी, ९ ला पिवळा आणि १० ला केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका. तुमच्या ॲश हायलाइट्ससाठी बहुतेक ७-८ पर्यंत नेऊन वर राखाडी टोनर, म्हणजे झाक बदलणारा तात्पुरता रंग, चढवलेला असणार. पार्लरमधून बाहेर पडताना दिसला तो टोनरचा रंग. टोनर चार ते सहा आठवड्यांत धुऊन जातो. तीन महिने झालेत म्हणजे तो कधीच गेला, आणि खाली जे होतं ते दिसायला लागलं. तुमचे केस नव्याने 'खराब' झालेले नाहीत. पहिल्या दिवसापासून ते नारिंगीच होते, वर पडदा होता.

म्हणून तुम्हाला निळा शाम्पू हवा. मॅट्रिक्सचा ब्रास ऑफ हा त्याच कामाचा, काळ्या-तपकिरी केसांवरच्या नारिंगीसाठी केलेला. नारिंगीवर जांभळा लावून बघा, फार तर मळकट गुलाबीसर छटा येईल. निळा आठवड्यातून एकदा, तीन ते पाच मिनिटं. तुमचे केस जाड असतील तर पाच. त्याने तांबूसपणा कमी होऊन केस तपकिरी दिसेल, पण पहिल्या दिवसाचा राख रंग परत येणार नाही. त्यासाठी सलोनमध्ये जाऊन टोनर पुन्हा चढवून घ्या. नवं ब्लीच नको, नुसतं टोनिंग सांगा, अर्ध्या तासाचं काम असतं. 'अजून थोडं उघडून घेऊ', म्हणजे आणखी ब्लीच करू, असं समोरच्याने म्हटलं तर आधी विचारा की केस ओढल्यावर तुटतो का रबरासारखा ताणतो. ओला केस ताणून परत येत नसेल तर ब्लीचला नाही म्हणा.

आणि घरी तर ब्लीच मुळीच नको. कधी काळी काळी मेंदी म्हणून विकली जाणारी पुडी लावली असेल तर विशेष. तशा काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस हाताला चटका बसेल इतका गरम होतो आणि बेसिनमध्ये उतरतो. मी स्वतः फॉइल उघडल्यावर वाफ आलेली पाहिली आहे. तेव्हापासून मेंदीचं उत्तर 'नाही' आलं तरी मी कानामागची एक बट आधी वेगळी लावून बघते, कारण मेंदी आणि वय या दोन गोष्टींबद्दल बायका खरं सांगत नाहीत.

माझं मत विचाराल तर आपल्या केसांवर ॲश हा दर महिन्याला देखभाल मागणारा रंग आहे. मध, कॅरमल, दालचिनी या झाका उतरल्या तरी बऱ्या दिसतात, कारण उतरून त्या जिथे जातात तिथेच त्यांची जात आहे. ॲश उतरला की फसल्यासारखा दिसतो. दर पाच-सहा आठवड्यांनी टोनरचे पैसे आणि वेळ द्यायची तयारी असेल तर जरूर ठेवा, दिसतो छानच.

राहिला तो 'थांबवण्या'चा भाग, आणि तो कुठल्याच बाटलीत नाही. पुण्यातल्या मुली स्कूटरवर तोंडाला आणि डोक्याला जो स्कार्फ गुंडाळतात त्यावर बाहेरगावचे लोक हसतात, पण पिवळे केस थांबवायला मला माहीत असलेलं त्याहून चांगलं साधन नाही. आईंना मार्च ते मे या महिन्यांत सकाळी दहानंतर बाहेर पडताना पदर, ओढणी, टोपी, काहीही डोक्यावर घ्यायला सांगा. सुती आणि जरा दाट विणीचं. अतिनील किरणांपासून बचाव करणारे केसांचे स्प्रे मिळतात. थोडा उपयोग होतो, पण घामाने आणि वाऱ्याने किती उरतो ते बघता मी पदराच्याच बाजूची. तुमचा टोनर टिकवायचा असेल तर केस आठवड्यातून दोनदाच धुवा, कढत पाण्याने नको, कोमटसर. कढत पाण्याने रंग भराभर उतरतो. पोहायला जात असाल तर तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवा आणि थोडं कंडिशनर लावा. आधीच भिजलेला केस तलावाचं पाणी कमी पितो.

एक घरगुती गोष्ट, त्रास वाचवण्यासाठी. न्हाणीघरात पांढऱ्या फरश्या आणि पांढरे सांधे असतील तर जांभळ्याचे थेंब लगेच पाण्याने ढकला, वाळले की सांध्यांत बसतात. टॉवेल जुना घ्या.

आणि बाटली मागवण्याआधी आणखी एकदा बघा की आईंचे केस पिवळे नेमके कुठे दिसतात. मागच्या महिन्यात एक काकू येऊन बसल्या, केस माझ्या खिडकीजवळ चांदीसारखे. म्हटलं, पिवळं कुठंय? त्यांनी फोनवर फोटो दाखवला. फोटो घरातला होता, रात्रीचा, नव्या पिवळ्या उजेडाच्या एलईडीखाली काढलेला, आणि मागची भिंतसुद्धा पिवळी दिसत होती.